वरचा कप्पा

एक हात वाहनांना थांबवण्यासाठी वर धरून मुक्ताबाई बसच्या समोरून उजव्या बाजूला गेल्या आणि दुसऱ्या हातातला डबा त्यांनी ड्रायव्हरच्या खिडकीतून आत दिला. लाल मफलर गुंडाळलेल्या त्या माणसाने तो घेतला. घेण्याचे त्याच्या मनात होते असे नाही. पण कुणी इतक्या खात्रीने वस्तू पुढे केली की हात आपोआप पुढे जातो, तसा त्याचा गेला.

“गन्नेवाला ऑफिस है ना, तेलीबाग के अलीकडे,” मुक्ताबाई म्हणाल्या, “उसके गेटपे मेरी बेटी खडी रहेंगी. उसकू देना. और ऊपर का कप्पा तुमकू.”

“अरे अम्मा, ये क्या...”

“भूलना नक्को.”

मागच्या गाड्यांनी हॉर्नचा गजर लावला होता. ड्रायव्हरने डबा समोरच्या काचेपाशी ठेवला, एकदा डब्याकडे आणि एकदा या नऊवारी नेसलेल्या बाईकडे पाहिले, आणि गाडी काढली. मुक्ताबाई फुटपाथवर आल्या. जानेवारीचे धुके अजून रस्त्यावर बसून होते. गाडीच्या पाठीवरची ‘तेलीबाग’ ही अक्षरे त्यात विरेपर्यंत त्या उभ्या राहिल्या आणि मग पदराला हात पुसून त्यांनी मुलीला फोन लावला.

“दहाच्या गाडीवर डबा दिलाय गं. ओट्यावरच इसरून गेल्तीस. गेटवर येऊन उभी ऱ्हा.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“कुठल्या गाडीवर?” ज्ञानेश्वरीने विचारले.

“दहाच्या. तेलीबागच्या.”

“आई, ही एसटी नाहीये. इथे दर पंधरा मिनिटांनी गाडी सुटते. कुणाकडे दिलास?”

“ड्रायव्हरकडं.”

“नाव काय त्याचं? गाडीचा नंबर?”

“लाल मफलर हाय बघ त्याच्या गळ्यात.”

ज्ञानेश्वरी हसली की तिने सुस्कारा सोडला, ते फोनवरून कळले नाही. “जाऊ दे. मी कॅन्टीनमध्ये जेवेन. आता मला मीटिंगला बसायचंय. तू सरळ घरी जा आणि दार लावून घे. एकटी कुठे जाऊ नकोस, आई. हे कोल्हार नाही.”

“आज भोगी हाय,” मुक्ताबाई म्हणाल्या. पण तोवर फोन बंद झाला होता.

ज्ञानेश्वरी राहुरीला शेतकी शिकत होती त्या चार वर्षांत आप्पासाहेब रोज सकाळी सायकलच्या मुठीला डबा अडकवून कोल्हारच्या स्टँडवर जात आणि मनमाडकडून येणाऱ्या पहिल्या नगर गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती तो देत. राहुरीच्या स्टँडवर मुलगी उभी असे. डबा तीन कप्प्यांचा. खालचे दोन मुलीचे आणि वरचा गाडीवाल्यांचा. हे कुणी ठरवले नव्हते. पहिल्या आठवड्यात मुक्ताबाईंनी त्यात एक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घातली, आणि मग ते चालूच राहिले. संध्याकाळी डबा परतीच्या गाडीवरून येई तेव्हा वरचा कप्पा कधी रिकामा नसे. कुणी ड्रायव्हर त्यात मूठभर बोरे घाली, कुणी शिर्डीचा प्रसाद, एकाने एकदा मिरचीची रोपे ओल्या फडक्यात गुंडाळून दिली होती. आप्पासाहेब स्टँडवरच झाकण उघडून पाहत आणि मगच डबा सायकलला अडकवत. चार वर्षांत तो एकदाच चुकला, थेट नगरला गेला. तरी संध्याकाळी घरी आला.

तोच डबा होता हा. झाकणावर कोल्हारच्या भांडेवाल्याने टोचून घातलेले नाव होते, ‘सौ. मुक्ताबाई आप्पासाहेब खर्डे’.

फुटपाथवर उभ्या असलेल्या मुक्ताबाईंना घरी जाणे अवघड नव्हते. गल्ली समोरच होती. परंतु घरी जाऊन करायचे काय, हा प्रश्न होता. ज्ञानेश्वरी वर्षभर इथल्या ऊस संशोधनाच्या संस्थेत एका तात्पुरत्या कामावर होती. आता तिला कायमची नोकरी देऊ केली होती आणि आपल्या होकाराचा कागद तिने आज संध्याकाळी पाचपर्यंत कार्यालयात द्यायचा होता. कागद तिच्या पिशवीत तसाच होता. आप्पासाहेबांनी सांगितले होते, “मला त्यातलं कळत न्हाई. दोन रातींचा परवास करून पोरीनं ऱ्हावं असं ते गाव हाय का, तेवढं तू बघून ये. तू म्हनशील तसं.” ज्ञानेश्वरीही तेच म्हणाली होती, तू म्हणशील तसं.

आणि मुक्ताबाईंजवळ म्हणण्यासारखे काही नव्हते. दोन दिवस रजा काढून मुलीने त्यांना लखनौ दाखवले होते. मोबाईलवर बोट टेकवले की दारात गाडी येई. काचा वर, ड्रायव्हर गप्प. इमामबाड्याचे दरवाजे पाहून त्यांनी मान मागे टाकली, नदीकाठची बाग पाहिली, पण या मोठ्या गावातल्या एकाही माणसाशी त्यांचे चार शब्द झाले नव्हते. ज्ञानेश्वरीचेही वर्ष तसेच गेले होते. संस्थेची गाडी तिला सकाळी नेई आणि संध्याकाळी आणून सोडी. रोज रात्री आप्पासाहेब फोनवर विचारत, “कसं हाय गाव?”

“मोठं हाय,” मुक्ताबाई म्हणत.

“ते म्हाईत हाय मला. कसं हाय?”

त्यावर त्या जेवणाचे बोलत.

पुढची गाडी धुक्यातून आली. पाटी वाचायला त्यांना कुणाची गरज नव्हती; अक्षरे आपलीच होती. ‘तेलीबाग’ हा शब्द पुन्हा एकदा नीट पाहून मुक्ताबाई गाडीत चढल्या.

खिडकीपाशी एक मुलगी बसली होती. तिच्या मांडीवर घडी केलेला पांढरा कोट होता. मुक्ताबाई तिच्याशेजारी बसल्या आणि बाहेरच्या पाट्या पुटपुटत वाचू लागल्या. ताज़ा पनीर. शुद्ध देसी घी. यहाँ ब्लाउज़ सिले जाते हैं. मग त्यांची नजर समोरच्या सीटच्या पाठीवर चिकटवलेल्या सूचनेवर गेली आणि तिथेच थांबली.

“बेटी, लावारिस याने क्या?”

“जिसका कोई न हो, आंटी,” मुलगी म्हणाली. “कोई सामान पड़ा हो तो छूना नहीं है, पुलिस को बताना है.”

मुक्ताबाईंनी सूचना पुन्हा वाचली. “और सामानपे नाम है, पन सामानवाला गाडीमें नहीं, तो?”

मुलीने प्रथमच त्यांच्याकडे नीट पाहिले. “क्या है सामान में?”

“भाकर है. भाजी है. तिल के लाडू.”

मग सगळे सांगणे आलेच. राहुरीचा स्टँड, सायकल, वरचा कप्पा. मुलीने हसू दाबण्यासाठी ओढणी तोंडावर धरली, पण तिचे खांदे हलत होते. तिचे नाव मेहरीन. मेडिकल कॉलेजात नर्सिंग शिकत होती.

“आप हैदराबाद से हैं?”

“कोल्हार. नगर जिल्हा. भगवतीदेवी का गाँव.”

“आपकी बोली हैदराबाद वाली है.”

“ये बोली बद्रुन्निसाकी है,” मुक्ताबाई म्हणाल्या. “मेरी शेजारीन. तीस साल हुए, भिंतीको भिंत लगके रहते. वो मेरेसे मराठी बोलती, मैं उससे ये बोलती. दोनोंको लगता अपना बराबर है.”

मागच्या सीटवरचे एक वृद्ध गृहस्थ पुढे वाकले. कानटोपीतून त्यांचे फक्त डोळे आणि चष्मा दिसत होता. “माफ़ कीजिएगा, सुन रहा था. डिब्बा स्टील का है?”

“हौ.”

“तब तो बम वाले ले गए होंगे. छब्बीस जनवरी आ रही है, बड़ी सख़्ती है.”

“चच्चा, आप भी,” मेहरीन म्हणाली.

“हम तो एक बात कह रहे हैं. स्टील का डिब्बा, ऊपर से कपड़ा बँधा हुआ...”

“कपडा नहीं बांधा,” मुक्ताबाई म्हणाल्या. “नाम दिखना मंगता.”

ते ऐकून गृहस्थांचा आक्षेप थोडा सैल पडला. मग पलीकडच्या रांगेतल्या एका बाईने वरच्या कप्प्यात काय होते ते विचारले, आणि भाकरी म्हणजे बाजरीची रोटी, तिला तीळ लावलेले, असे कळल्यावर म्हणाली की अशा थंडीत ती रोटी ड्रायव्हरने पॉलिटेक्निकच्या चौकापर्यंतच संपवली असेल, बमवाल्यांसाठी काही राहिले नसेल. त्यावर बऱ्याच जणांना हसू आले. मुक्ताबाईही हसल्या, पण हातातली पिशवी त्यांनी घट्ट धरली होती.

हजरतगंजपाशी गाडी थांबली ती थांबलीच. पुढे लोखंडी अडथळे लावले होते. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाची तालीम चालू होती आणि पोलीस गाड्या मागे वळवत होते. सगळे उतरू लागले.

“आंटी, मैं आपको वापसी वाली में बिठा दूँ?” मेहरीन म्हणाली. “घर पहुँच जाएँगी.”

मुक्ताबाईंनी मागे वळून पाहिले. आलेला रस्ता धुक्यात बंद झाल्यासारखा दिसत होता.

“डिब्बा वापस गया क्या?”

“नहीं. वो गाड़ी तो निकल गई होगी, ये सब लगने से पहले.”

“फिर मैं कायकू जाऊँ?”

मेहरीनने घड्याळ पाहिले, कोट खांद्यावर टाकला आणि त्यांचा हात धरला. दोघी कमानीखालच्या दुकानांच्या ओळीने चालू लागल्या. अडथळ्यांपलीकडून शाळेचे एक बँडपथक चालले होते. मोठा ढोल एका किरकोळ मुलीच्या पोटावर बांधलेला होता आणि प्रत्येक ठोक्याला ती स्वतःच मागे ढकलली जात होती, तरी ठोका चुकत नव्हती. मुक्ताबाई थबकल्या. शेवटची रांग पुढे जाईपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत, आणि मेहरीननेही घाई केली नाही.

कोपऱ्यावर बॅटरीच्या रिक्षांची रांग होती. मेहरीन दोन रिक्षा सोडून तिसरीपाशी गेली. तिचा चालक पिकल्या दाढीचा होता.

“चाचा, इनको चारबाग में तेलीबाग वाली बस में बिठा दीजिएगा. छोड़ना नहीं है, बिठाना है.”

“बिठा देंगे, बिटिया.”

“बस वाले से बोल के.”

“कहा न, बोल के.”

मुक्ताबाईंनी पिशवीत हात घालून कागदात बांधलेला एक तिळाचा लाडू काढला आणि मेहरीनच्या कोटाच्या खिशात घातला. बोलायला वेळ नव्हता. रिक्षा हलली होती.

या रिक्षेला काचाच नव्हत्या. थंड वारा अंगावर येत होता आणि त्याबरोबर भाजलेल्या शेंगांचा वास, कुठे तापलेल्या दुधाचा, कुठे ओल्या गोणपाटाचा. धुके वर उचलले जात होते आणि खालून गाव निघत होते. गाड्यांवर रचलेले पेरू, उन्हात पाठ देऊन बसलेले न्हावी, दाराशी तांदूळ निवडणाऱ्या बायका. कुणी मान वर करून पाहिले की मुक्ताबाईही पाहत. एकीने तर तोंड न उघडता, नुसत्या भुवया उडवून विचारले, कुठे? मुक्ताबाईंनी हाताने दाखवले, तिकडे, पुढे.

रसाच्या गाड्याशेजारून जाताना त्या म्हणाल्या, “तुमारा गन्ना पतला है.”

चाचाने उगाचच भोंगा वाजवला. त्याला ते लागले असावे. “आपके यहाँ क्या बाँस होता है?”

“मनगट जितना होता है.”

“रस देखिए, मोटाई में क्या रखा है,” तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, “वैसे पानी बहुत होगा आपके यहाँ.”

“प्रवरा है. धरन का पानी. भंडारदरा से आता.”

“तभी. पानी पी के मोटा हुआ है.”

तेवढ्यात मुक्ताबाईंचा फोन वाजला. ज्ञानेश्वरीचे नाव दिसले. त्यांनी तो जरा वाजू दिला, मग कानाला लावला.

“आई, कुठे आहेस?”

“हाय की.”

“घरी आहेस ना? मागे आवाज कसला येतोय?”

समोरून एक टांगा येत होता. “टीव्हीचा,” मुक्ताबाई म्हणाल्या आणि फोन पिशवीत टाकला.

चाचाने आरशातून पाहिले. “झूठ बोलीं?”

“थोडा.”

“थोड़ा चलता है,” तो म्हणाला आणि टांग्याला वाट देण्यासाठी रिक्षा बाजूला घेतली.

चारबागच्या स्टेशनाचे लाल घुमट दिसू लागले. तीन दिवसांपूर्वी याच घुमटांखालून त्या मुलीचा हात धरून, खाली मान घालून बाहेर पडल्या होत्या. आता त्या मान वर करून ते पाहत होत्या. चाचाने रिक्षा बसगाड्यांच्या रांगेत आडवीच घातली. मागचे ओरडू लागले. त्याने कुणाकडेही न पाहता मुक्ताबाईंना उतरवले, कोपराला धरले आणि तेलीबागच्या गाडीच्या पायरीवर उभ्या असलेल्या कंडक्टरसमोर नेले.

“बजरंग, ये अम्मा तेलीबाग की तरफ़...”

कंडक्टर तरुण होता. त्याने मुक्ताबाईंचे हिरवे लुगडे पाहिले, नाकातली नथ पाहिली, कपाळावरचे मोठे कुंकू पाहिले.

“मुक्ताबाई?” तो म्हणाला.

मुक्ताबाईंचा एक पाय पायरीवर आणि एक जमिनीवर होता. तो तसाच राहिला. त्यांना नावाने हाक मारणारी माणसे गावातही फार थोडी उरली होती. बाकी सगळ्यांच्या त्या काकू आणि आजी झाल्या होत्या.

“तुमकू कैसा मालूम?”

“अरे, पूरे चारबाग को मालूम है. गोरख भइया घंटा भर पहले यहीं खड़े थे. डिब्बा हाथ में लिए सबसे पूछ रहे थे, गन्ने वाले दफ़्तर के दो गेट हैं, कौन-सा वाला होगा. किसी ने कहा थाने में दे दो. गोरख भइया बोले, थाने में क्यों दें, नाम लिखा है. सबने पढ़ा नाम.”

“फिर?”

“फिर क्या. ले गए.”

मुक्ताबाईंनी दुसरा पाय वर घेतला. “गोरख नाम है उनका?”

“हाँ.”

“मेरे देवर का नाम बी गोरक्ष है.”

“वो भी गाड़ी चलाते हैं?”

“नहीं. ढोर संभालता.”

“एक ही काम है,” बजरंग म्हणाला आणि आत सरकणाऱ्या गर्दीला त्याने हाताने मागे रेटले. गाडी भरली होती. त्याने इकडेतिकडे पाहिले आणि ड्रायव्हरच्या डाव्या हाताला, इंजिनाच्या झाकणाशेजारी असलेल्या आडव्या जागेवर मुक्ताबाईंना बसवले. “यहाँ आराम से. उस्ताद, इनको गन्ने वाले के आगे वाले गेट पे देना है.”

एसटीत डबा इथेच ठेवत. खालून ऊब येई, त्यामुळे राहुरीला पोचेपर्यंत भाकरी मऊ राहत असे. मुक्ताबाईंनी पाय जवळ घेतले, हात गुडघ्यांवर ठेवले आणि समोरच्या मोठ्या काचेतून रस्ता पाहू लागल्या. ऊन पडले होते. लष्कराच्या छावणीची जुनी झाडे दोन्ही बाजूंनी येत होती आणि मागे जात होती. ड्रायव्हरने त्यांना काहीच विचारले नाही; मात्र खड्डा आला की तो गाडी सावकाश घेत होता. मुक्ताबाईंच्या चेहऱ्यावर ते हसू कधी आले हे त्यांना कळले नाही, आणि ते पुसण्याचे काही कारणही त्यांना दिसले नाही.

गेट त्यांना लांबूनच दिसले. निळ्या फाटकासमोर, रस्त्याच्या अगदी कडेला ज्ञानेश्वरी उभी होती. कमरेवर घागर घ्यावी तसा तिने डबा एका अंगावर टेकवला होता आणि दुसऱ्या हाताने डोळ्यांवर सावली धरून ती येणारी गाडी पाहत होती. राहुरीच्या स्टँडवर ती अशीच उभी राहत असेल. मुक्ताबाईंनी ते कधी पाहिले नव्हते. चार वर्षे डबा पाठवला, पण पोचताना कधी पाहिला नव्हता.

बजरंगने त्यांना उतरवून दिले, ज्ञानेश्वरीकडे पाहून “मिल गया न?” असे विचारले आणि उत्तर न ऐकता गाडीला थाप मारली.

दोघी मायलेकी समोरासमोर उभ्या राहिल्या.

“टीव्ही बघत होतीस ना?” ज्ञानेश्वरी म्हणाली.

“तू मिटींगीत हुतीस ना?”

ज्ञानेश्वरीने डबा दुसऱ्या अंगावर घेतला. फाटकाशी स्टुलावर बसलेल्या रखवालदाराने उत्तर दिले. “मीटिंग कहाँ अम्मा जी, मैडम साढ़े दस से खड़ी हैं. हर बस को हाथ दिखा रही थीं. पहले डिब्बे के लिए, फिर आपके लिए.”

“घरमालकिणीला फोन केला होता मी,” ज्ञानेश्वरी म्हणाली. तिचा आवाज कडक राहण्याचा प्रयत्न करत होता. “तिनं सांगितलं, दाराला कुलूप आहे. बाहेरून कुलूप लावून टीव्ही बघत होतीस का?”

“चल, भाकर गार व्हती.”

“ती कधीच झाली.”

संस्थेच्या आवारात उसाचे निरनिराळे वाण लावलेले वाफे होते, प्रत्येकापुढे छोटी पाटी. मुक्ताबाईंनी जाता जाता एका कांड्याला बोटांचा वेढा घालून पाहिला आणि सोडून दिला. वाफ्यांच्या कडेला उन्हात एक बाक होता. तिथे त्या बसल्या. ज्ञानेश्वरीने पिशवीतून कागद काढून मांडीखाली धरला, वाऱ्याने उडू नये म्हणून, आणि डब्याची कडी सोडली.

खालच्या कप्प्यात भाकरी होती. मधल्यात भोगीची भाजी, घेवडा, वांगी, गाजर, हरभऱ्याचे घाटे. सगळे जसेच्या तसे.

“वरचा माझ्यासमोरच उघडला त्यानं,” ज्ञानेश्वरी म्हणाली. “मी म्हटलं, तुमचाच आहे. त्यानं भाकरी स्टिअरिंगवर ठेवली आणि तिथंच खाल्ली, लाडू मफलरमध्ये बांधला. सगळी बस खोळंबली होती. कुणी काही बोललं नाही गं. मग कप्पा फडक्यानं पुसला आणि खिशातून हे काढून त्यात ठेवलं. मी नको म्हणत होते.”

तिने झाकण काढले. आत कागदाची पुडी होती आणि पुडीत रेवड्या, तिळाने माखलेल्या, गोल, चपट्या.

मुक्ताबाईंनी एक रेवडी उचलून उन्हात धरली. तीळ, गूळ आणि वरून वेलदोड्याचा वास. त्यांनी ती लगेच खाल्ली नाही.

“उद्या पण देणार का, विचारत होता,” ज्ञानेश्वरी म्हणाली.

“उद्या तर संक्रांत. उद्या गुळाची पोळी,” मुक्ताबाई म्हणाल्या. “तूप निराळं द्यावं लागंल, न्हाईतर सांडतं.”

ज्ञानेश्वरीने आईकडे पाहिले. मुक्ताबाई भाकरी मोडत होत्या. एक चतकोर त्यांनी मुलीच्या हातावर ठेवली, तिच्यावर भाजी घातली, आणि स्वतःसाठी दुसरी घेतली. दोघी काही वेळ नुसत्या जेवल्या. वाफ्यांतून पाणी सोडल्याचा आवाज येत होता.

फोन वाजला तेव्हा मुक्ताबाईंचे हात भाजीचे होते. ज्ञानेश्वरीने तो त्यांच्या कानाशी धरला. आप्पासाहेब दुपारी सहसा फोन करत नसत.

“पाच वाजता द्यायचा ना तो कागद?” ते म्हणाले. “म्हनलं इचारावं. कसं हाय गाव?”

मुक्ताबाईंनी घास गिळला.

“डबा पोचतो हितं,” त्या म्हणाल्या.

पलीकडे विहिरीवरची मोटार चालू असल्याचे ऐकू येत होते. हातातले काम आप्पासाहेबांनी खाली ठेवले असावे, कारण खोऱ्याचा दगडावर आपटल्यासारखा आवाज झाला.

“कुनी नेला?”

“गोरक्षानं.”

“आपल्या?”

“न्हाई. हितल्या.”

पुन्हा मोटारीचा आवाज आला.

“आन् वरचा कप्पा?” आप्पासाहेबांनी विचारले.

“भरून आला.”

ज्ञानेश्वरीच्या मांडीखालून कागदाचे एक टोक बाहेर आले होते आणि वाऱ्याने फडफडत होते. ते आत सारण्यासाठी तिने मोकळा हात पुढे केला.

“पोरीला म्हनावं, आधी हात धू,” आप्पासाहेब म्हणाले. “कागदाला तेलाचा डाग नगं.”